खिडकी बंदच होती, बाई

बाई, परवा तुमच्या शोकसभेत मला माईकपुढं उभं केलं. तुमचे विद्यार्थी, आता त्यांचेच केस पिकलेत, म्हणाले, "सगुणामावशी, तुम्ही बाईंच्या सगळ्यात जुन्या सोबती. दोन शब्द बोला." आणि मी काय बोलले माहीत आहे? मी, जिला गप्प करायचं तर तोंडात लाडू घालावा लागतो असं तुम्ही चारचौघांत सांगायचात, ती मी माईकला हात लावून म्हणाले, "बाई लई चांगल्या होत्या." आणि खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारीला गलबलून आलं. एका मुलीनं पाण्याची बाटली पुढं केली, पाठीवरून हात फिरवला. बाई, गलबलून वगैरे काही आलं नव्हतं. मला लाज वाटत होती.

आता ती मुलं तुमच्यावर स्मरणिका काढतायत. मला म्हणाली, "मावशी, बोलता आलं नाही तर लिहून द्या. तुम्ही बोलता तसंच लिहा, आम्ही काही बदलणार नाही." म्हणून ही वही घेऊन बसले आहे. तुमचा जन्म कुठं झाला, पदव्या किती, परदेशात कुठं कुठं बोलायला गेलात, ते बाकीचे लिहितील. त्यातलं मला काही कळत नाही. मला जे कळतं ते माझ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही, आणि ते मी तुम्ही असताना बोलले नाही.

तुम्ही पहिल्यांदा आंबीत आलात तो दिवस आठवतो का? बालवाडीच्या खोलीत बायका जमवल्या होत्या. मी तेव्हा बालवाडीत मदतनीस, पोरांची नाकं पुसायची आणि खिचडी शिजवायची. तुम्ही खादीचा झब्बा घालून सतरंजीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "मी किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचा आणि विकासाचा अभ्यास करते." मग शेवंताआजी कानामागं हात धरून म्हणाली, "किशोर तर पाटलाचा, हितंच आसंल बघा पाराव. विकास कंपनीत गेलाय, सांजच्याला येईल. काय केलंय त्यांनी?"

तुम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पदर शोधायला लागलात, आणि झब्ब्याला पदर कुठला! मीच माझा पुढं केला. तुम्ही त्याला डोळे पुसलेत. तेव्हाच मी मागनं म्हटलं, "आजी, वयात येनाऱ्या पोरांबद्दल म्हनत्यात त्या." तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "तुमचं नाव काय हो?"

तिथून मी तुमच्याबरोबर फिरायला लागले. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पुढचं सगळं पुड्याचे कागद आणि देवळातल्या पोथ्या वाचून कमावलेलं. तुम्ही मला तुमचे प्रश्न वाचायला दिलेत. पोरांना झोप लागते का, भूक लागते का, पोरींना पाळीच्या दिवसांत शाळेत जाता येतं का, कुणी चिडवतं का, मनातलं कुणाला सांगता. तुम्ही म्हणायचात, "सगुणाताई, मोठ्यानं वाचा. जिथं तुम्ही अडखळाल तिथं मुलं अडखळतील." मी अडखळले की तुम्ही पेन काढायचात. 'उदास वाटते का' असं होतं. मी म्हटलं, "असं कोन बोलतंय? 'करमत न्हाई' म्हना." तुम्ही लिहिलंत. 'ताण' होता, त्याचा मी 'घोर' केला. एवढी मोठी प्रोफेसर बाई, पुण्यात तुमच्यासमोर लोक उभे राहतात, आणि तुम्ही माझे शब्द घेऊन तुमचे खोडत होता. मी घरी येऊन यांना सांगायचे, "आज मी बाईंची चार वाक्यं पाडली." हे म्हणायचे, "इळ्यानं पाडलीस का कोयत्यानं?"

आणि एक प्रश्न होता: 'घरापासून दूर जाण्याचे विचार मनात येतात का?' मी म्हटलं, "हे लय पुस्तकी झालं. 'कुठंतरी निघून जावंसं वाटतं का' आसं करा. आमच्यात तसंच म्हनत्यात." तुम्ही विचारलंत, "कळेल ना?" मी म्हटलं, "कळंल की. न कळायला काय झालं?"

ते वाक्य माझं होतं, बाई. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भांडायचोही आपण. मी म्हणायचे, आमच्या वयाला आम्हाला कुणी असलं काही विचारलं नाही, म्हणून आमचं काय बिघडलं? तुम्ही म्हणायचात, "बिघडलं की नाही, तेही कुणी विचारलं नाही ना." मी फणकारायचे. पण आपलं खरं भांडण गुपिताचं. तुमचा नियम असा की मुलगी कागदावर लिहील ते तिच्या आईलाही सांगायचं नाही. मला ते पटायचं नाही. मी म्हणायचे, "आईला सांगितलं म्हंजे का बाहेर सांगितलं व्हय? आई घरातलीच की." तुम्ही डोकं हलवायचात. "सगुणाताई, काही गोष्टींसाठी मुलीला आईच पहिली बाहेरची असते." मी म्हणायचे, "तुमाला ल्येक न्हाई म्हनून." असं एकदा मी खरंच बोलले. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. मी तेवढ्यापुरती ओशाळले. पण भांडण मनात तसंच ठेवलं, की बरोबर मीच आहे.

आता त्या दिवसाचं.

दहावीच्या पोरी बालवाडीत बसवल्या होत्या. दारात मी. बिस्किटाच्या मोठ्या डब्याला वर फट पाडलेली, कागद घडी करून त्यात टाकायचा. कागदाच्या डोक्यावर पहिली ओळ मीच मोठ्यानं वाचली: 'कागदावर आपले नाव लिहू नये.' पोरी लिहून गेल्या. शेजारची भातगिरणी चालू होती, कानात नुसती घरघर. आपण दोघींनी डबा सतरंजीवर ओतला. तुम्ही एकेक कागद उघडून त्यावर आकडा घालत होता. मध्येच तुम्ही थांबलात, कौतुकानं हसलात आणि माझ्याकडं वाकून मोठ्यानं म्हणालात, "'मनातलं कुणाला सांगता?' यावर एकीनं लिहिलंय, फक्त चांदीला. ही चांदी कोण हो? तिच्याच वर्गातली का?"

म्हशीचं खरं नाव चांदी नाही. ते मी इथं लिहीत नाही, लिहिलं तर आंबीत अजून पाच जणी बोट दाखवतील. एवढं आता मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मी हसत सुटले. "आवो बाई, चांदी म्हैस हाय!"

तुमचा चेहरा असा उतरला! हात त्या कागदावर पालथा पडला. कारण चांदी म्हैस आहे हे मला माहीत, म्हणजे ती कुणाची म्हैस तेही माहीत, म्हणजे कागद कुणाचा ते उघड झालं. तुम्ही म्हणालात, "मी विचारायला नको होतं. चूक झाली माझी. सगुणाताई, हे इथंच राहील ना?" मी डब्यावर हात ठेवला. "ऱ्हाईल, बाई. आईशप्पथ."

तेवढ्यात सरपंचांकडनं चहाचं बोलावणं आलं. तुम्ही म्हणालात, मी जाऊन येते, तुम्ही कागदांपाशी थांबा. विश्वासानं गेलात. तुमची पाठ वळली आणि मी तो कागद काढला. तुम्हीच मला अडखळत अडखळत वाचायला लावलं होतंत. मी न अडखळता वाचला. झोप: लागत नाही. करमतं का: नाही. आणि खाली माझं वाक्य. कुठंतरी निघून जावंसं वाटतं का? तिनं 'हो' ला दोनदा गोल केला होता आणि पुढं लिहिलं होतं, 'रोज'.

बाई, आमच्याकडं पोरगी निघून गेली म्हटलं की एकच अर्थ होतो. कुणाबरोबर गेली, एवढंच विचारायचं राहतं. आदल्या साली एक गेली होती, कंपनीच्या बांधकामावरच्या माणसाबरोबर. तिच्या आईनं चार महिने दार उघडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तेच आलं. माझाच शब्द, मीच तुम्हाला दिलेला. कागदावर छापला तेव्हा त्याचा अर्थ मला नीट ठाऊक होता, की जीव रमत नाही, उठून कुठं तरी जावंसं वाटतं. पण त्याच्यापुढं ओळखीच्या पोरीचा गोल दिसला आणि माझ्या डोक्यात गावातला अर्थ शिरला.

तिची आई आणि मी एका माहेरच्या. पोरगी मला मावशी म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गोठ्यात गेले. तिची आई धार काढत होती, चांदीच्याच अंगाला डोकं टेकवून.

मी म्हटलं, "पोरीव ध्यान ठेव गं जरा."

"का? काय केलं तिनं?"

"केलं न्हाई काय. पर तिच्या मनात निघून जायचं हाय."

तिचे हात थांबले. "कुनाबरूबर?"

"त्ये न्हाई लिवलं."

"लिवलं? कुटं लिवलं?"

तेव्हा मला समजलं मी काय केलंय. पण तोवर तिनं चरवी खाली ठेवली होती.

चौथ्या दिवशी पोरीची शाळा बंद. नदीवर म्हैस धुवायला जायची, ते बंद. मग म्हशीला नेणारं कुणी उरलं नाही, म्हणून महिनाभरात चांदी चाकणच्या बाजारात गेली. गाडीत चढवताना पोरगी दारातसुद्धा आली नाही, आतनं कडी लावून बसली होती. मनातलं सांगायला तिला एकच जीव होता, तोही आम्ही तिच्यापासून नेला. आम्ही म्हणजे मी. अजून 'आम्ही' लिहिलं जातं बघा.

तुम्ही दोन महिन्यांनी परत आलात, शाळेत ती दिसली नाही, तशा तडक तिच्या घरी. मी मागं, काखेत तोच डबा. तिचे वडील अंगणात आले ते ओरडतच. "तुमच्या कागदापायी आमची आबरू जायची पाळी आली. तुमीच सांगितलंत ना तिच्या आयेला, पोरगी पळून जानार म्हनून? आता कशाला आलाय?"

तुम्ही चकित होऊन तिच्या आईकडं बघितलंत. आणि तिची आई, बाई, माझ्याकडं बघत होती. एका माहेरच्या आम्ही. तिनं नवऱ्याला तुमचं नाव सांगितलं होतं, माझं नाही. मला एका आळीत राहायचं होतं, तुम्हाला पुण्याला जायचं होतं. तिनं मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं. तुम्ही हात जोडून उभ्या. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मी नाही सांगितलं. आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतनं पोरगी ते सगळं ऐकत होती.

मी तुम्हाला स्टेशनवर सोडायला गाडीतनं निघाले. तळेगाव स्टेशनच्या अलीकडं तुम्ही मला विचारलंत, "सगुणाताई, तुम्ही कुणाजवळ बोललात का?"

मी म्हटलं, "न्हाई बाई."

तुम्ही लगेच मान हलवलीत. माझं खरं मानलंत. मग स्वतःशीच जुळवायला लागलात. "मी 'चांदी कोण' असं मोठ्यानं विचारलं. गिरणीचा आवाज इतका येत होता, म्हणजे खिडकी उघडी असणार. बाहेर कुणी तरी उभं असेल, कागद कुणाचा ते त्याला कळलं असेल, आणि पुढचं गावानं रचलं असेल. खिडकी उघडी होती का हो?"

मी म्हटलं, "व्हय. उघडीच होती."

झालं. दोन शब्द. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मी आधी बघायला पाहिजे होतं."

त्यानंतर तुम्ही जिथं जाल तिथं आधी खिडक्या लावायचात. उन्हाळ्यात पोरं घामानं निथळायची, पण तुम्ही उठून कडी तपासणार. नवे विद्यार्थी हसायचे, बाईंना खिडकीचं वेड आहे म्हणायचे. मी त्यांच्याबरोबर हसायचे. हसायला लागायचंच.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा पुण्याला मोठा समारंभ केला. मला गाडी पाठवून नेलंत, पहिल्या रांगेत बसवलंत, स्टेजवर बोलावून शाल पांघरलीत. "यांच्या शब्दांशिवाय माझं काम उभं राहिलं नसतं," असं म्हणालात. टाळ्या. आणि मग तुम्ही मुलांना सांगायला लागलात, की तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती. मी शाल घेऊन खुर्चीत, आणि तुम्ही सांगताय, एक गाव होतं, एक मुलगी होती, मी एक प्रश्न मोठ्यानं विचारला आणि खिडकी बघितली नाही. त्या मुलीची शाळा माझ्यामुळं सुटली. मागं वळून बघितलं तर पोरं खाली मान घालून वहीत उतरवून घेत होती. मी गाडीत बोललेलं खोटं, बाई, त्या पोरांच्या वह्यांत शिक्षण म्हणून जात होतं. शाल चांगली ऊबदार होती. मी ती परत कधी अंगावर घेतली नाही. सुनेनं विचारलं तर सांगितलं, टोचते.

एवढ्या हुशार तुम्ही. गिरणी चालू असली की शेजारी बसलेल्याचं ऐकायला जायचं नाही, खिडकीबाहेर कुणाला काय ऐकू जाणार? हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही का? की आलं होतं? हे मी तीन आठवडे स्वतःला विचारते आहे.

कारण शेवटचा तो दिवस. निवृत्तीनंतर तुम्ही तुंगार्लीला राहायला गेला होता, तिथं मी आले होते तुम्हाला भेटायला. तुम्ही अंथरुणाला लागला होता, हाताची नुसती काडी. मी ठरवून आले होते. रिक्षात बसून तीनदा मनात म्हणून घेतलं होतं: बाई, मी सांगितलं. बाई, मी सांगितलं. तलावावरनं गार वारा येत होता. तुम्ही म्हणालात, "सगुणाताई, तेवढी खिडकी लावता का?" मी लावली, कडी घातली. तुम्ही उशीवरनं माझ्याकडं बघत होता. मिश्कील बघायचात तसं. म्हणालात, "बघा, आता बंद आहे. बोला."

आणि मी लिंबाच्या लोणच्याचं बोलले. यंदा लिंबं चांगली मिळाली, साखर जरा जास्त पडली, तुम्हाला तोंडाला चव येईल. अर्धा तास बोलले. तुम्ही ऐकलंत. निघताना माझा हात धरलात आणि म्हणालात, "पुढच्या खेपेला येताना आणा ते." पुढची खेप झाली नाही. बरणी घरी आहे.

तुम्ही गेलात आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी उर्साला गेले. म्हशीच्या नावासारखंच हे गावाचं नावही मी बदलून लिहिते आहे. पोरगी तिकडंच दिलेली, अठरा पूर्ण झाल्या झाल्या. टोलनाक्याच्या बाजूला गाड्यांवरच्या माणसांना जेवण करून देते. आता पस्तिशीची बाई झालीय, हातात कस आहे. मला बघून म्हणाली, "मावशी? वाट चुकली जनू." मी बाकड्यावर बसले. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. गोठ्यातलं, गाडीतलं, खिडकीचं. एका दमात, तिच्याकडं न बघता, परातीकडं बघत.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. मग गॅस बंद केला.

"मंजे बाईंनी न्हाई सांगितलं."

"न्हाई."

"तुमी सांगितलं."

"व्हय गं."

"आन् खिडकी?"

"बंद व्हती. कोंडा उडतो म्हनून मीच लावली व्हती."

तिनं हाताचं पीठ परातीत झटकलं. मग म्हणाली, "मावशी, त्या दर साली यायच्या. सतरा नंबरचा फारम घिऊन. बाहेरनं दहावीला बस म्हनायच्या. मी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई त्यान्ला. पानी इचारलं न्हाई. उनातानात हितं उभ्या ऱ्हायच्या आन् म्हनायच्या, माझी चूक झाली, मी खिडकी बघायला पायजे हुती. मला वाटायचं, काय खिडकीचं घिऊन बसलीय ही बाई! त्यांच्या तोंडावर फारम चुलीत घातलाय मी, एकदा न्हाई, धा-बारा येळा."

तुम्ही जायचात हे मला माहीत होतं, बाई. तुम्ही म्हणायचात, "चला, उर्साला जाऊन येऊ." मी म्हणायचे, गुडघा धरलाय. दर साली त्या एकाच दिवशी माझा गुडघा धरायचा.

मग मी तिला विचारलं. विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारलं. "तवा तू 'हो' ला दोन गोल केले व्हतेस. कुटं जायचं व्हतं तुला? कुनी व्हतं का?"

ती हसली. वाईट हसली. "कोन असनार? मला कुटंच जायचं नव्हतं, मावशी. शाळा सुटली की घरी यायचा कंटाळा यायचा. वाटायचं, चांदीला घिऊन नदीवर बसावं आन् दिस बुडस्तवर कुनी हाक मारू न्हाई. येवढंच. त्ये कागदावर इचारलं हुतं, म्हनून लिवलं. माझ्या जल्मात मला तसलं कुनी इचारलं नव्हतं. लिवताना बरं वाटलं हुतं."

लिहिताना बरं वाटलं होतं. बाई, यासाठी तुम्ही गावोगाव फिरलात ना? एका पोरीला बरं वाटलं होतं, आणि मी ते उचलून गोठ्यात नेलं.

तिनं उठून तांब्या भरला, माझ्यापुढं ठेवला. "प्या. त्यान्ला दिलं न्हाई, तुमाला देते. कुनाला द्यायचं आन् कुनाला न्हाई, आता मला काय कळंना झालंय."

ती बघत होती म्हणून प्यायले, सगळं.

निघताना ती म्हणाली, "त्यांची पोरं पुस्तक काढनार म्हनत्यात, ऐकलंय मी. त्यात लिवा हे. चार मानसं वाचतील आसं लिवा. माझं नाव न्हाई यायला पायजे. तुमचं आलं पायजे." मग हात पुसत म्हणाली, "माझी पोरगी नववीत हाय. तीबी घरात तोंड उघडत न्हाई. तिला इचारनाऱ्या बाई आता कुटनं आनू?"

याचं उत्तर तुमच्या विद्यार्थ्यांपाशी असेल तर त्यांनी तिच्याकडं जावं, पण खरा पत्ता मी तिला विचारून मगच देईन.

तुम्ही मला कितीदा म्हणालात, आपण जवळपास एका वयाच्या, मला 'तू' म्हणा, नुसतं नाव घ्या. मला जमलं नाही. आता वाटतं, 'तू' म्हटलं असतं तर एखादे दिवशी तोंडातनं निघूनही गेलं असतं. बाई म्हटलं की खोटं पण आदरानं बोलता येतं.

माफी मागत नाही. ती देणारी गेली, आणि जी आहे तिनं दिलेली नाही, मी मागितलीही नाही. ज्या पोरांनी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं, त्यांनी तेवढं पान काढावं आणि नीट करून लिहावं. बाईंनी एक प्रश्न मोठ्यानं विचारला, ही त्यांची चूक होती, ती त्यांनी त्याच घडीला कबूल केली. पुढचं सगळं डबा सांभाळणाऱ्या बाईनं केलं.

तुमच्या कागदाची पहिली ओळ मी शेकडो पोरांना वाचून दाखवली: कागदावर आपले नाव लिहू नये. तिचं नाव मी लिहिलेलं नाही, तपासून बघा. माझ्यापुरता हा नियम मी आज मोडते.

त्या दिवशी गिरणी चालू होती. खिडकी बंदच होती, बाई. कडी मी माझ्या हातानं घातली होती.

सगुणा बाबूराव घारे, आंबी